इळा, इला, इया आणि आयला

मंगलामावशी, नमस्कार.

महिन्यापूर्वी मला मुलगी झाली. कृत्तिका नक्षत्र, म्हणून पत्रिकेत 'ई' अक्षर आलं. एम. ए.ला मी संस्कृत घेतलं होतं, तेव्हापासून 'इळा' हे नाव मनात आहे. बारसं पंधरा दिवसांवर आलंय आणि घरात नुसता गोंधळ. नवरा सगळं इंग्रजीत टाइप करून बघतो, त्यामुळे तो 'इला' म्हणतो आणि वर "तेच की" असंही म्हणतो. माझी आई अकोल्याची, ती लाडाने 'इया' म्हणते. नणंद इंग्लंडला असते. ती म्हणते, इकडे सगळे 'आयला' वाचतील. सासर खटाव तालुक्यातलं. सासूबाई तर नाव ऐकून हसतच सुटल्या, "इळा? पोरीला काय गवत कापाया धाडायचीय का?" मला रडूच आलं. वर्षभरात नवऱ्याची बदली बंगळूरला होईल, तिथे आणखी काय ऐकावं लागेल कोण जाणे. एक मैत्रीण म्हणते, इतकं दुर्मीळ नाव नको, मुलीला जन्मभर समजावत बसावं लागेल. दुसरी म्हणते, हल्ली 'इ'वरून सगळ्यांचीच नावं असतात, वर्गात चार इला निघतील. काय करू? नाव बदलू, की सरळ 'इला'च ठेवू?

गोंधळलेली आई, चिंचवड

अगं, बाळंतिणीने रडू नये, डोळे बिघडतात, असं माझी आई म्हणायची. खरं-खोटं तिचं तिला ठाऊक. पण विळ्यावरून तर अजिबात रडू नकोस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. नवरा इला म्हणतो, आई इया म्हणते, नणंदेला आयलाची धास्ती. एवढ्या गोतावळ्यात तू योजलेलं नाव जसंच्या तसं, ळ-सकट, पहिल्या फटक्यात एकाच माणसाच्या तोंडून आलं. तुझ्या सासूबाईंच्या. त्या हसल्या असतील, पण चुकल्या नाहीत.

का हसल्या तेही ऐक. खटाव-माणकडे, आणि घाटावरच्या बऱ्याच गावांत, शब्दाच्या तोंडाशी 'वि' आला की त्यातला व गळतो. विठ्ठलाचा इठ्ठल होतो, विस्तवाचा इस्तू, विंचवाचा इच्चू. तसाच विळ्याचा इळा. तू संस्कृतच्या वर्गात बसलीस तिथे हा इळा तुला भेटला नाही, कारण तो वर्गात येत नाही, सुगीला रानात जातो. आपण नाव निवडताना शब्दकोश उघडतो, मोबाइलवर नावांच्या याद्या बघतो. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "तुमच्याकडे ह्या शब्दाला काय म्हणतात हो?" हे विचारायचं राहून जातं. नाव ठरवून मग जाहीर करण्याऐवजी तू आधी विचारलं असतंस, तर त्या हसल्याही नसत्या कदाचित. हे माझं तुला बोलणं समज. एवढंच बोलणार आहे.

आता गंमत बघ. तुला 'निघंटु' आठवत असेल, यास्काने ज्याच्यावर निरुक्त लिहिलं तो वैदिक शब्दांचा संग्रह. त्यात इळा चार अर्थांनी येते. पृथ्वीच्या नावांत, वाणीच्या नावांत, अन्नाच्या नावांत आणि गाईच्या नावांत. ह्यातली वाणी तू ठेव. उरलेली तिन्ही, जमीन, धान्य आणि गाय, तुझ्या सासूबाईंच्या विळ्याला आयुष्यभर ओळखत आलीत. दोन्ही शब्द मुळात एकच असं मी म्हणत नाहीये, आणि तूही कुणाला तसं ठोकून देऊ नकोस. योगायोग आहे. पण सासू-सुनेला एका नावावर आणायला एवढा योगायोग पुष्कळ झाला.

त्यांच्यापुढे श्लोक म्हणू नकोस मात्र. गोष्ट सांग. शतपथ ब्राह्मणातली, पुराची. मासा, मनू आणि होडी, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कुणी सांगत नाही. पूर ओसरला, मनू एकटा उरला. त्याने पाण्यात तूप, दही, दह्याचं पाणी असं अर्पण केलं आणि वर्षाने त्यातून एक मुलगी वर आली. ती पाऊल टाकी तिथे तूप साठे. वाटेत मित्र आणि वरुण हे दोन देव भेटले. "कोण गं तू?" "मनूची मुलगी." "आमची आहेस असं सांग की." "नाही," ती म्हणाली, "ज्याने मला जन्म दिला त्याचीच मी." देवांना तोंडावर नाही म्हणणारी मुलगी आहे ही. पावलात तूप साठणारी नात कुठल्या आजीला नको असेल?

त्या गोष्टीत तिचं नाव 'इडा' असं येतं, आणि इथूनच तुझ्या नवऱ्याच्या "तेच की"चं उत्तर सुरू होतं.

ऋग्वेदात दोन स्वरांच्या मध्ये ड सापडला की त्याचा ळ होतो. पहिल्याच ऋचेत बघ, 'अग्निमीळे पुरोहितम्'. तो ईळे म्हणजे मूळचा ईडे. त्याच पहिल्या मंडलाच्या तेराव्या सूक्तात तुझी लेक आहे: 'इळा सरस्वती मही तिस्रो देवीर्मयोभुवः', सुख देणाऱ्या तीन देवी. पुढच्या संस्कृतातून हा ळ गेला. यज्ञात आणि योगात इडा राहिली, इडा-पिंगळा म्हणतो ती. पुराणांत इला आली. ळ परत आला तो आपल्याकडे, प्राकृताच्या वाटेने. गुडाचा गूळ झाला, षोडशाचे सोळा झाले, तडागाचं तळं झालं. तेव्हा इडेची इळा करणं ऋग्वेदालाही चालतं आणि गुळाच्या ढेपेलाही.

'इडा' ठेवावं असं कुणी सुचवलंच तर तेवढं नको म्हण. दिवाळीला ओवाळताना 'इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणायचं आणि पोरीने दारामागून विचारायचं, मी जाऊ का गं?

राहता राहिली इला. चुकीचं नाव नाही ते. अहमदाबादला १९७२ साली 'सेवा' ही असंघटित कष्टकरी बायकांची संघटना उभी करणाऱ्या इला भट्ट घे, तेभागाच्या शेतकरी लढ्यातल्या बंगालच्या इला मित्र घे. दोघीही नावाला शोभल्या. गुजरातीत ळ आहे, तरी इलाबेनचं नाव ल-नेच लिहितात. पण तुझ्या नवऱ्याला विचार, वेल आणि वेळ हे "तेच की" आहे का? चाल आणि चाळ? माल आणि माळ? ऑफिसला निघताना "वेल झाली" म्हणून बघ म्हणावं.

पुराणातल्या इलेची कथा सोसायटीतलं कुणीतरी तुला ऐकवणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते. ती मनूचीच मुलगी. तिचा सुद्युम्न नावाचा पुरुष झाला, मग शिकारीला शंकराच्या वनात शिरला तर पुन्हा बाई झाला, बुधाशी लग्न झालं, पुरूरवा झाला. "असलं कसलं नाव" म्हणून कुणी नाक मुरडलं तर शांतपणे सांग, अख्खा चंद्रवंश ह्या बाईपासून सुरू होतो. कौरवही तिचे, पांडवही तिचेच.

आता मैत्रिणींचं. दोघींना एकत्र बसवलंस तर त्या एकमेकींना खोडून काढतील. एकीला नाव फार दुर्मीळ वाटतं, दुसरीला फार चलनी. आणि दोघींकडे पुरावा काहीच नाही, कारण आपल्याकडे नावांची मोजदाद करून दरवर्षी यादी काढायची पद्धत नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं खातं काढतं, इंग्लंड-वेल्समध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय काढतं. आपण बारशाची आमंत्रणं आणि बालवाडीच्या दारावर चिकटवलेली यादी ह्यांवरून अंदाज बांधायचा.

माझा अंदाज ती यादी वाचूनच बांधलेला आहे. सुधा, विमल, मंगला गेल्या. स्नेहल, प्राजक्ता, सायली आल्या, त्यांची लग्नं होऊन त्यांना मुली झाल्या. आता त्या मुलींची नावं दोन अक्षरी, शेवटी आ किंवा ई: इरा, आर्या, स्वरा, ओवी, अन्वी, रेवा. ऐकायला गोड आहेत, काही तर फारच गोड. पण दहा आयांनी एकदम हाक मारली तर कोणती कुणाची ते कळायचं नाही. त्या रांगेत इला उभी केलीस तर ती त्यातलीच एक. इराच्या शेजारी बसेल आणि शिक्षिका दोघींची अदलाबदल करतील. वर्गात चार इला होतील ही भीती खरी आहे. चार इळा होतील ही नाही. म्हणजे तुझ्या नावात जे काही दुर्मीळ आहे ते सगळं त्या एका अक्षरात आहे. ते काढून नाव ठेवणार असशील तर सरळ इरा ठेव, निदान लिहायला सोपं.

"मुलीला जन्मभर समजावत बसावं लागेल" हे मात्र मी उडवून लावणार नाही. लागेल. ळ सगळ्या देशाला येत नाही. प्रमाण हिंदीत तो नाही, बंगालीत नाही. म्हणून लोणावळ्याचं लोनावला होतं आणि वरळीचं वर्ली. बाळ गंगाधर टिळक हे नाव बघ, नावातही ळ आणि आडनावातही ळ. अर्धा देश त्यांना बाल गंगाधर तिलक म्हणतो. लोकमान्यांचं त्यावाचून काही अडलं नाही. दिल्लीची बाई इला म्हणाली तर म्हणू दे, तिच्या जिभेला तेवढंच जमतं. ज्याला जमतं त्याने आळस करू नये, एवढाच आपला आग्रह. तुझा नवरा ह्या दुसऱ्या गटात येतो. मराठी माणसाला जीभ टाळ्याकडे वळवून पुढे आपटायला कष्ट पडत नाहीत, दिवसातून शंभरदा तो ते करतच असतो.

तुझ्या आईला ह्या नियमातून सूट. वऱ्हाडात डोळ्याचा डोया होतो, काळ्याचं काया, केळ्याचं केय. त्यांच्या बोलीत ळ तसाच वाजतो. तो आळस नव्हे. उद्या तुम्ही उरण-पनवेलकडे राहायला गेलात तर शेजारची आगरी आजी इला म्हणेल, कारण तिच्याकडे डोळ्याचा डोला असतो. ह्या लोकांना दुरुस्त करायला जाऊ नकोस. पोरीला अकोल्याला गेल्यावर इया आणि खटावला गेल्यावर इळा अशी दोन नावं मिळाली तर त्यात तिचं नुकसान काय?

बंगळूरची काळजी तर तू उगाचच करतेयस. कन्नडला ळ पक्का आहे, आणि 'इळे' म्हणजे कन्नडमध्ये पृथ्वी. नाव सांगितल्यावर तिथे तुला अर्थ विचारणार नाहीत, तेच तुला सांगतील. तमिळ शेजारीण भेटली तर आणखी मजा. त्यांच्याकडे 'इळ' म्हणजे कोवळं. शहाळ्याला ते इळनीर म्हणतात, आणि संगीतकार इळैयराजांच्या नावातला इळैय तोच, तरुण राजा. महिन्याच्या बाळाला ह्याहून बरा अर्थ कुठून आणायचा? दक्षिणेत गेल्यावर तुझ्या लेकीचं नाव चिंचवडपेक्षा बरोबर उच्चारलं जाईल, हे नवऱ्याला जेवताना एकदा सांगच.

फक्त स्पेलिंगमध्ये शहाणपणा करू नकोस. गोव्यात रोमी लिपीतल्या कोंकणीत ळ दाखवायला दोनदा एल लिहितात, आणि पद्धत म्हणून ती छानच आहे. कुणीतरी तुला ती सुचवेल. पण तू बंगळूरला चालली आहेस. आय, डबल एल, ए असं लिहिलंस की तिथे वाचतील इल्ला, आणि इल्ला म्हणजे कन्नडमध्ये 'नाही'. डॉक्टरकडे नंबर लावताना "नाव काय?" "नाही." इला भट्ट इंग्रजीत ई, एल, ए असं लिहीत. ते आपल्याकडे एला वाचलं जाईल आणि एला म्हणजे वेलदोडा, एलादि चूर्णातला. वासाला चांगला, पण तुला तो नको आहे. ई दोनदा लिहून ओढलंस तर ईला होतं. तेव्हा आय, एल, ए. साधं. एक दोष त्यातही आहे. बऱ्याच अक्षरवळणांत मोठी आय आणि छोटी एल सारखीच दिसतात, सुरुवातीला दोन काठ्या उभ्या केल्यासारखं वाटतं. जिथे शक्य असेल तिथे तिन्ही अक्षरं मोठी लिही, झालं. मराठीत मात्र ह्रस्व इ. पत्रिकेत दीर्घ ई आहे म्हणून कुणी ईळा लिहा म्हणालं तर ऐकू नकोस. अक्षर जुळवण्यासाठी ह्रस्व-दीर्घाकडे एवढं बघत नाहीत, आणि शब्द मोडायची तर मुळीच गरज नाही.

नणंदेचं म्हणणं खरं आहे. तिथे आयला नावाच्या मुली खूप आहेत. स्पेलिंगमध्ये आय-नंतर एक एस असतो, तो मुका. २०२३च्या इंग्लंड-वेल्सच्या यादीत ते नाव पहिल्या दहांत होतं. त्यामुळे तिथली माणसं तुझं स्पेलिंग बघून तेच वाचणार. त्यांच्या दृष्टीने ते गोड नाव आहे. आपल्याकडे "आयला, गेली विकेट!" असं म्हणतात हे त्यांना काय माहीत? पोर आत्याकडे सुट्टीला जाईल, चार गोऱ्या मुली तिला आयला म्हणतील, ती घरी येऊन तुम्हाला सांगेल आणि तुम्ही पोट धरून हसाल. ह्यासाठी नाव बदलायचं? तिकडे कायमचं राहायला गेलात तर पाच वर्षांची होईपर्यंत ती स्वतःच लोकांना दुरुस्त करायला शिकेल. मुलं ह्या बाबतीत आपल्याहून निर्भीड असतात.

आता माझं ऐक. हे मी सदरात कधी लिहिलेलं नाही.

मी मंगळवारी जन्मले. आजोबांनी नाव ठेवलं मंगळा. घरात सगळे मंगळाच म्हणायचे, आजी तर 'मंगळे' अशी हाक मारायची ती तीन वाड्यांपलीकडे ऐकू जायची. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, हे नाव दाखल्यावर नको, उद्या लग्नाच्या वेळी लोक विचारतील पोरीला मंगळ आहे का. गुरुजींनी मान डोलावली आणि टाक उचलून मंगला लिहिलं. एका काडीचं काम. माझ्या पत्रिकेत मंगळ नव्हताच, तरी लग्नात विचारायचं त्यांनी विचारलंच. आणि वर्गात आम्ही मंगला किती होतो म्हणतेस? चार. बाई आम्हाला आडनावाने हाक मारायच्या. आजी गेली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. त्यानंतर मला मंगळा म्हणणारं कुणी उरलं नाही. आता पासबुकावर, मतदारयादीत, ह्या सदराच्या डोक्यावर, सगळीकडे मंगलाच. रडगाणं गात नाहीये, मंगलानेही माझं बरं चाललंय. पण "इलाच ठेवू का" असं तू विचारलंस आणि मला तो टाक दिसला.

म्हणून कागदांकडे तू स्वतः बघ, नवऱ्यावर सोडू नकोस. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायची असते, ती दवाखान्यातून झाली असेल. नाव न घालताही नोंद होते आणि नाव नंतर भरता येतं: पहिल्या १२ महिन्यांत पैसे न भरता, त्यापुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. घाई नाही. पण चूकही परवडणारी नाही, कारण १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं. घोटाळा होतो तो मराठीच्या रकान्यात. इन्स्क्रिप्ट ह्या सरकारी टायपिंगच्या कळपाटावर ल आणि ळ एकाच कळीवर आहेत, शिफ्ट दाबली तर ळ, विसरली तर ल. आमच्या गुरुजींच्या टाकाची जागा आता त्या शिफ्टने घेतली आहे. आणि जिथे इंग्रजी टाइप केल्यावर मराठी आपोआप उमटतं, तिथे तर इलाच उमटणार, यंत्राला बिचाऱ्याला काय माहीत. कागदावर 'इळा' असं ठळक लिहून ने, पडद्यावर दाखव म्हणावं, बघ, मगच सही कर. पाच वर्षांखालच्या मुलांचं निळं बाल आधार काढशील तेव्हाही हेच. आणखी एक: आपल्या राज्यात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. इळाच्या लगेच पुढे तुझं नाव येणार आहे. दोन्ही सलग मोठ्याने म्हणून बघ, कानाला बरं लागतं का.

बारशाच्या आधीचे हे पंधरा दिवस घरात नुसती हाक मारत राहा, कुणाशी वाद घालू नकोस. आंघोळ घालताना, टाळू भरताना, वाळे चढवताना, पाळण्यात ठेवताना. तुझ्याच लक्षात येईल की बाळाच्या भोवतीचं सगळं मराठी ळ-ने भरलेलं आहे. जावळ, बाळगुटी, लाळ, लाळेरं. नवऱ्याने पंधरा दिवस रोज लाळेरं धुतलं आणि वाळत घातलं तर त्याचा ळ आपोआप सुटेल.

नणंद इंग्लंडला, म्हणजे कानात नाव सांगायला आत्या व्हिडिओवरून असेल. फोन बाळाच्या कानाला लावू नका, आवाज चिरका येतो. त्यातून आधी 'आयला'च ऐकू आलं तर? सासूबाईंना सांग, "आत्याच्या वतीने तुम्ही सांगा. घरात तुमच्याइतकं नीट कुणाला म्हणता येत नाही." हे खोटं नाही, म्हणून सांगताना तुला जडही जाणार नाही. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं की पुढे त्यांनाच वाकू दे. हसतील बहुतेक, हसू दे. नणंद थोडी रुसेल, तिच्या नावाची साडी काढून ठेव.

आणि घुगऱ्या जरा जास्त कर. मी चिंचवडला बहिणीकडे असते अधूनमधून.